गावी जेवतो, मग घरी का नाही?

पत्र थोडक्यात असं: पिंपरी-चिंचवडमधली एक आई लिहिते की तिचा पहिलीतला, सहा वर्षांचा मुलगा घरी धड जेवत नाही. नूडल्स, बिस्किटं, वेफर्स आणि सॉस लावलेली पोळी यांवरच त्याचं चालतं. जेवताना समोर मोबाइल लागतो, भरवण्यात तास जातो, शाळेचा डबा जसाच्या तसा परत येतो. आई-वडील दोघंही नोकरी करतात. दुपारी मुलगा आजीजवळ असतो आणि ‘जेवला नाही, निदान बिस्किट तरी पोटात जाऊ दे’ म्हणून आजी मागेल ते देते. त्यावरून सासू-सुनेत धुसफूस चालू आहे. नवऱ्याला पालेभाज्या आवडत नाहीत, म्हणून घरात त्या फारशा होत नाहीत. डॉक्टरांनी वजन-उंची ठीक असल्याचं सांगितलंय, पण नातेवाईक भेटले की ‘किती हडकलाय गं’ म्हणतात आणि ते मनाला लागतं. पत्रात जाता जाता एक ओळ आहे: ‘माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेलं की तिथल्या हवापाण्याने तो चांगला जेवतो, भाकरी खातो, शेंगोळीसुद्धा ओरपतो. परत आलो की पुन्हा तेच.’ तिचे प्रश्न तीन. भुकेचं औषध सुरू करू का? सगळं एकदम बंद करून दोन दिवस उपाशी ठेवलं तर वठणीवर येईल का? आणि सासूबाईंना कसं समजावू?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गावच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती सहज लिहून गेलात, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. मुलगा तोच, जीभ तीच, पोट तेच. चार तासांच्या प्रवासात मुलाचा स्वभाव बदलत नाही. बदलतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. म्हणून ‘हवापाणी’ म्हणून ते सोडून देऊ नका. त्या हवापाण्यात नेमकं काय काय असतं, ते आपण सुटं करून बघू.

आधी इथला दिवस बघू. तो तुम्ही बारकाईने लिहिलाय, म्हणून मला मोजता आला. सकाळी साडेसातला चॉकलेटची पावडर घातलेलं पेलाभर दूध आणि त्यात बुडवून चार बिस्किटं. दहाचा डबा तसाच परत. दोनला घरात पाऊल टाकलं की बूट काढायच्या आधी हातात बिस्किट. मग कार्टून लावून आजीच्या हातचे पाच-सहा घास. चारला पुन्हा दूध. साडेपाचला खाली खेळायला जाताना पाच रुपयांचा पुडा. सातला तुम्ही येता आणि तुमच्या पर्समध्ये त्याच्यासाठी काहीतरी असतं. हे तुम्ही कंसात लिहिलंय, जणू ते मोजायचं नाही. पण मी मोजलं. साडेआठला ताटावर बसेपर्यंत त्याच्या पोटात सहा वेळा काही ना काही गेलेलं असतं. त्या ताटापाशी भूक येणार कुठून? दिवसभर तो खातोच आहे. तुम्ही ‘जेवण’ म्हणता त्या वेळेला मात्र पोटात जागा नसते.

आता गाव. सकाळी दूध-भाकरी, मग दुपारपर्यंत भावंडांबरोबर उन्हातान्हात हुंदडणं. गावात पुडे मिळत नाहीत असं समजू नका. आज कुठल्याही टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, तालुक्याच्या गावी दहिवडीच्या बाजारातही आणि वस्तीवरच्या दुकानातही. गावाचे गोडवे गायचे म्हणून मी हे सांगत नाही. पण तिथे दुकान घराच्या दारात नाही, त्याला न्यायला मोठ्यांपैकी कुणी मोकळं नाही, आणि मधल्या वेळात घरात हाताशी काही नाही. संध्याकाळी आठ-दहा जणांची पंगत बसते. सगळ्यांना एकाच पातेल्यातलं. काकी वाढते आणि पुढच्या पानाकडे जाते. त्याने किती खाल्लं हे बघत कुणी थांबत नाही. शेजारचा चुलत भाऊ दुसऱ्यांदा मागतो, म्हणून हाही मागतो.

या एका पंगतीत मला जे जे सांगायचंय ते सगळं आहे.

मुलांचं खाणं जिभेपेक्षा जागेवर जास्त ठरतं, हे नुसतं माझं मत नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी शिकागोत एक विलक्षण प्रयोग केला. नुकती अंगावरून सुटलेली पंधरा बाळं. त्यांच्यासमोर साध्या शिजवलेल्या किंवा कच्च्या पदार्थांच्या वाट्या ठेवायच्या आणि नर्सने चमचा घेऊन गप्प बसून राहायचं. बाळाने हात पुढे केला तरच भरवायचं. आग्रह नाही, कौतुक नाही, रागावणं नाही. कुणी एका दिवशी नुसती फळंच खाल्ली, कुणी अंडी. पण काही महिन्यांचा हिशोब काढला तर प्रत्येक मूल आपापल्या परीने पुरेसं खाऊन छान वाढलं होतं. मुडदूस झालेली मुलंसुद्धा सुधारली. हे ऐकलं की लोक म्हणतात, बघा, मुलांना सोडून द्या, त्यांना बरोबर कळतं. पण १९३९ मध्ये या प्रयोगाबद्दल लिहिताना त्याच बाईंनी सांगितलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. मुलं निवडत होती, पण कशातून निवडायचं ते मोठ्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

तुमच्या घरी हे नेमकं उलटं झालंय. काय समोर यायचं ते मुलगा आणि खालचा दुकानदार ठरवतात, आणि किती पोटात जायचं ते तुम्ही. हे दोन अधिकार बदलून घ्या. काय, कधी आणि कुठे हे तुम्ही ठरवा. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं पालकांना हेच सांगत आल्या आहेत, आणि माझ्या बालवाडीच्या अठरा वर्षांत मला यापेक्षा जास्त उपयोगी पडलेलं दुसरं काही आठवत नाही.

बालवाडीवरून एक सांगते. चार वर्षांची एक मुलगी होती, तिच्या डब्यात रोज जॅम लावलेल्या पोळीची गुंडाळी. भेंडी दिली की ओकते, असं तिच्या आईने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीच्या डब्यात आठवड्यातून दोनदा कुरकुरीत भेंडीच्या काचऱ्या असायच्या. पंधरा-वीस दिवस ही नुसती बघायची. एके दिवशी तिने एक काचरी उचलली, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली आणि मैत्रिणीच्या डब्यात परत ठेवली. मैत्रिणीने तीच उचलून तोंडात टाकली. चार-पाच दिवसांनी हिने एक खाल्ली. मी आणि मदतनीस मावशी भिंतीशी उभ्या होतो. मी मावशींना खुणेनेच सांगितलं, काही बोलू नका. त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हटलं असतं तरी ती थांबली असती. लीन बर्च या संशोधक बाईंनी १९८० मध्ये हेच पद्धतशीर करून दाखवलं होतं. न आवडणारी भाजी निवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर एखाद्याला रोज जेवायला बसवलं, तर चार दिवसांत तो स्वतःहून तीच भाजी घेऊ लागला. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये खिचडी-उसळीच्या ओळीत बसलेली मुलं बघा, तिथेही हेच दिसेल. ‘आमचा घरी मटकीला हात लावत नाही’ म्हणणाऱ्या आया मला तिथे कितीतरी भेटल्या.

तुमच्या मुलासमोर मात्र जेवताना कोण असतं? मोबाइल. आजी भरवतात त्या स्वतः आधी जेवून घेतात, तुम्ही त्याला भरवून झाल्यावर बसता, त्याचे बाबा दहाला येऊन एकटे जेवतात. भाजी-पोळी खाणारं माणूस त्याला दिवसेंदिवस दिसतच नाही. दिसतात त्या बिस्किटांच्या जाहिराती, आणि त्यात मात्र सगळी मुलं हसत हसत खात असतात.

बाबांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. पालेभाजी त्यांना आवडत नाही म्हणून घरात होत नाही, हे तुम्ही इतकं साधेपणाने लिहिलंत की जणू तो निसर्गनियमच आहे. मुलाच्या नावडीसाठी तुम्ही माझ्याकडे सल्ला मागता आणि नवऱ्याच्या नावडीभोवती अख्खा स्वयंपाक फिरवता. त्यांना रागवायची गरज नाही. एवढंच सांगा की आठवड्यातून दोनदा घरात मेथी, चाकवत किंवा शेपू होईल, त्यांच्या पानात चमचाभर वाढली जाईल आणि त्यांनी ती तोंड वाकडं न करता खावी. मुलगा बघत असेल. ही एक गोष्ट बाबांशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

आणि हट्टीपणाबद्दल. साधारण दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाची भीती बहुतेक मुलांना वाटते, ती वाढीचाच भाग आहे. एखादी भाजी आपलीशी वाटायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळी ‘याला आवडत नाही’ असा निकाल देऊन टाकतो. दुसरं, पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. नंतर शाळेच्या वयापर्यंत वर्षाला दोनेक किलोच वाढतं. भूकही त्या मानाने कमी होते. आपल्या डोळ्यांसमोर मात्र ते गुटगुटीत बाळच असतं. नातेवाइकांच्याही. डॉक्टरांनी तक्ता बघून ठीक म्हटलंय ना, मग ‘हडकलाय’ला ‘डॉक्टर ठीक म्हणालेत’ एवढं उत्तर पुरे. आणि ‘हा काही खातच नाही’ हे वाक्य त्याच्यासमोर कुणी बोलायचं नाही, असा घरात नियम करा. मुलं आपल्याबद्दलची वाक्यं पाठ करतात आणि तशीच वागतात.

आता एक काम. उद्या सकाळी स्वयंपाकघरात गुडघ्यांवर उभ्या राहा आणि साडेतीन-पावणेचार फुटांच्या उंचीवरून चहूकडे नजर फिरवा. तुमच्या मुलाला जे दिसतं तेवढंच बघा. माझा अंदाज आहे की हाताशी बिस्किटांचा डबा असेल, फ्रिजच्या दारात सॉसची बाटली असेल, आणि केळी असलीच तर ओट्याच्या आत कोपऱ्यात. हे उलटं करा. खालच्या कप्प्यात चुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या, आणि डोळ्यांसमोर केळी-चिकू ठेवलेली परडी. (ज्यांची मुलं चार वर्षांच्या आत आहेत त्यांनी फुटाणे-शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून द्या.) पुडे वरच्या फळीवर लपवू नका. लपवलेल्या वस्तूची ओढ वाढते आणि रोज त्यावरून रडारड होते. ते घरात आणूच नका. शनिवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर दुकानात जा, एक पुडा त्याला निवडू द्या आणि ताटलीत काढून सगळ्यांनी मिळून खा. शनिवार आहे म्हणून खायचा. भाजी संपवली म्हणून बक्षीस असं कधीच सांगू नका. ज्याला बक्षीस लावावं लागतं ते वाईटच असणार, एवढा हिशोब सहा वर्षांच्या मुलाला पक्का येतो.

वेळा ठरवा. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर आणि मध्ये फक्त पाणी. दूध जेवणाआधी नको, दिवसाला दोन पेल्यांपेक्षा जास्त नको, आणि पावडरचं प्रमाण दर आठवड्याला थोडं कमी करत न्या. दूध म्हणजे पूर्ण अन्न, असं आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की चार-चार पेले दूध पिणारं मूल जेवत नाही याचं आपल्याला नवल वाटतं. दुधात लोह जवळजवळ नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. वजन ठीक असलं तरी तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, आणि शाळेत जंताची गोळी दिली जाते तो दिवस चुकवू नका.

आता तुमचे प्रश्न. भुकेचं औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नको. भूक वाढवणाऱ्या अनेक सिरपमध्ये मुळात ॲलर्जीवरचं, गुंगी आणणारं औषध असतं. भूक त्याच्याकडे आहे, तिला फक्त जागा हवी. उपाशी ठेवणंही नको. ती लढाई होते, आणि त्यात हरलं तर मूल दुखावतं, जिंकलं तर तुम्ही. वेळेला ताट वाढा. त्यात एक तरी ओळखीचा पदार्थ असू दे, नुसता वरणभात का असेना, आणि शेजारी नवीन भाजी अगदी चमचाभर. अर्ध्या तासाने काही न बोलता ताट उचला. नाही जेवला तर पुढची वेळ तीन तासांनी आहेच. पहिले चार-पाच दिवस तो रडेल, तुमचा जीव कासावीस होईल. सुट्टीचे दिवस धरून सुरुवात करा, म्हणजे तुम्ही घरी असाल. मोबाइल मात्र पहिल्या दिवसापासून बाजूला, सगळ्यांचाच.

पर्समधला खाऊ. दिवसभर भेट नाही, याची टोचणी त्या पुड्यात असते, मला ठाऊक आहे. सात वाजता त्याला तुम्ही हव्या असता. दारातून आत आल्यावर पंधरा मिनिटं त्याला द्या, त्याच्याबरोबर मटार सोला, मेथी निवडा, त्याला कणकेचा एक छोटा गोळा द्या. स्वतः निवडलेली मेथी तो खाईलच याची खात्री देत नाही. पण ती परकी राहणार नाही.

सासूबाईंना समजावायचं कसं, असं तुम्ही विचारलंत. आधी त्यांना विचारा, असं मी म्हणेन. तुम्ही लिहिलंय की त्या दुष्काळी माणच्याच, पासष्टच्या घरातल्या. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात त्या दहा-बारा वर्षांच्या असतील. तेव्हा दुष्काळी कामांवर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ वाटला जायचा, त्या भागातली माणसं खडी फोडून दिवस काढत होती. त्यांच्या घरी काय होतं ते त्यांना एकदा निवांत विचारा. पोर न जेवता उठलं हे बघून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना पोषणाचं भाषण देऊन काय होणार? शिवाय दुपारभर मूल त्या सांभाळतात, तुमची नोकरी त्यांच्या जिवावर चालते. त्यांच्या हातून बिस्किटाचा डबा काढून घ्यायचा असेल तर त्या हाताला दुसरं काहीतरी द्यायला हवं. दोन वाजता मूल भुकेलं येतं, तीच खऱ्या जेवणाची वेळ आहे. बूट काढले, हात धुतले की आजी आणि नातू दोघांनी एकत्र पाटावर बसायचं. आजींनी आपलं जेवण त्याच्यासाठी राखून ठेवायचं, त्याने आपल्या हाताने खायचं, सांडलं तर सांडू दे. कार्टूनऐवजी आजींनी गावच्या गोष्टी सांगायच्या.

शाळेचं एक राहिलं. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकता येत नाहीत. पालकसभेत हा विषय काढा. वाढदिवसाला वर्गभर वेफर्स आणि चॉकलेटं वाटण्याऐवजी पेन्सिल किंवा फळ वाटावं, असं दोन-तीन पालकांनी मिळून सुचवलं तर बहुतेक शिक्षकांना ते हवंच असतं. एकटं मूल वेगळं पडलं तर त्याला त्रास होतो, सगळा वर्ग बदलला तर कुणालाच काही वाटत नाही. डब्यात महिनाभर तरी कमी द्या, दोन घासांत संपेल असं. रिकामा डबा घरी आणायची त्याला सवय लागू दे. पाळणाघरात मूल ठेवणाऱ्यांनी ताईंना ‘जेवला का?’ विचारण्याआधी ‘कुणाच्या शेजारी बसतो?’ हे विचारावं. सांगण्यासारखं उत्तर बऱ्याचदा तिथे मिळतं.

एक सावधगिरी. वजन घटू लागलं, घास गिळताना वारंवार ठसका किंवा उलटी होऊ लागली, खाण्याचे पदार्थ महिन्यागणिक कमी होत बोटांवर मोजण्याइतके उरले, किंवा ठरावीक रंगाचं, ठरावीक स्पर्शाचंच अन्न चालू लागलं, तर हे सगळे उपाय बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात असेल.

आणि शेंगोळी. गावी तो ओरपतो, मग इथे का होत नाहीत? तुम्हीच लिहिलंय, सासूबाई म्हणतात, ‘इथं कोण खातंय.’ या रविवारी त्यांना हुलग्याचं पीठ आणून द्या. लसूण-जिरं वाटून पीठ मळलं की नातवाला शेजारी बसवायला सांगा आणि वळायला एक गोळी त्याच्या हातात द्या. तळव्यांत घासून लांब लांब वळ्या करायच्या, वाकड्यातिकड्या झाल्या तरी चालतात. रश्श्यात उकळल्या की त्या नूडल्ससारख्याच दिसतात. पण हे त्याला सांगू नका, त्याचं त्याला दिसू दे. त्याने वळलेल्या वेगळ्या ओळखू येतील. त्या बाबांच्या वाटीत वाढा.